'ताठ बस' म्हटल्याने पाठ का सुधारत नाही : शरीराची ठेवण, हालचाल आणि श्वास शिकण्याविषयी

पोक काढून बसलेल्या माणसाला 'ताठ बस' असे सांगितले, की तो छाती पुढे काढतो, खवाटे एकमेकांकडे ओढतो, कमरेत बाक आणतो आणि बहुतेक वेळा श्वासही रोखून धरतो. चार-दोन मिनिटांत त्याचे लक्ष कामाकडे वळते आणि पाठ पुन्हा मूळ जागी येते. सांगणाऱ्याला हा आळस वाटतो आणि ऐकणाऱ्याला स्वतःचा कमकुवतपणा, पण दोघांचेही निदान चुकलेले असते. ताठ होण्यासाठी त्याने जे स्नायू आवळले ते मोठे, वरच्या थरातले आणि थोडा वेळ जोर लावण्याच्या कामाचे असतात. ते थकल्यावर सैल पडणारच. तासन्‌तास देह सावरून धरण्याचे काम कण्यालगतच्या खोलवरच्या लहान स्नायूंकडे असते. त्यांच्यात संथ आणि सहजासहजी न थकणाऱ्या तंतूंचे प्रमाण मोठे असते, आणि त्यांचे नियंत्रण बव्हंशी आपल्या इच्छेच्या कक्षेबाहेर, मेंदूच्या खालच्या भागांतून आणि मज्जारज्जूतून चालत असल्यामुळे त्यांना हुकूम सोडून कामाला लावता येत नाही. म्हणूनच सजगपणे बसायला, उठायला, चालायला आणि श्वास घ्यायला शिकवणाऱ्या चांगल्या पद्धती 'हे कर' असे सांगण्याऐवजी 'तू आत्ता कोणती नको असलेली गोष्ट करतो आहेस' हे दाखवण्यापासून सुरुवात करतात.

शरीराची ठेवण ही एखाद्या पुतळ्यासारखी ठरलेली स्थिती नाही, ती अखंड चाललेली क्रिया आहे. निश्चल उभा आहे असे वाटणारा माणूसही घोट्यांवर किंचित पुढे-मागे झुलत असतो आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षणोक्षणी त्याचा तोल दुरुस्त करत असतात. या दुरुस्तीसाठी लागणारी माहिती डोळ्यांकडून, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून आणि स्नायू व सांध्यांमधील सूक्ष्म संवेदकांकडून येते. यांतल्या तिसऱ्या स्रोताची, म्हणजे डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळते त्या आतल्या जाणिवेची, पद्धतशीर मांडणी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये केली. हे संवेदक सगळ्या स्नायूंमध्ये सारख्या दाटीने नसतात. कवटीच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला जे लहान स्नायू आहेत, तिथे त्यांची दाटी फार मोठी आहे. ज्यांची मान दीर्घकाळ दुखते अशा लोकांना डोळे मिटून डोके पुन्हा नेमके मध्यावर आणायला सांगितले, तर त्यांच्या हातून इतरांपेक्षा जास्त चुका होतात, असे अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा मानेकडे या पद्धतींमध्ये जे विशेष लक्ष दिले जाते, ते निव्वळ परंपरेने चालत आलेले नाही.

खरी अडचण इथून पुढे आहे. ही आतली जाणीव सवयीला सरावते, आणि जे रोजचे असते तेच तिला बरोबर वाटू लागते. ज्यांना पावले बाहेरच्या बाजूला वळवून उभे राहण्याची सवय आहे, त्यांना दोन्ही पावले एकमेकांना समांतर ठेवायला सांगून पाहावे. पावले खाली पाहून नीट समांतर ठेवली, तरी ती आतल्या बाजूला वळली आहेत असेच त्यांना वाटत राहते आणि लक्ष हटताच ती पूर्ववत होतात. डोळे एक सांगतात आणि पाय दुसरेच, आणि बहुतेक लोक पायांवर विश्वास ठेवतात. पुस्तक वाचून किंवा चित्र पाहून शरीराची ठेवण सुधारण्याचे प्रयत्न सहसा इथेच अडकतात, कारण वाचणारा सूचना अमलात आणतो तो त्याच चुकलेल्या मोजपट्टीने, आणि परिणाम तपासतोही त्याच मोजपट्टीने.

ही अडचण स्वतःवर प्रयोग करून ज्याने ओळखली, तो माणूस डॉक्टर नव्हता. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हे 1869 मध्ये ऑस्ट्रेलियातील टास्मानियात जन्मलेले गृहस्थ रंगमंचावर काव्यवाचन करत, आणि त्यांचा आवाज वारंवार बसत असे. विश्रांतीने तो सुटे, पण कार्यक्रमात पुन्हा बसे. त्यावरून त्यांनी असा तर्क केला, की बोलताना आपण स्वतःच काहीतरी करत असलो पाहिजे. आरशासमोर उभे राहून पाहिल्यावर त्यांना दिसले, की वाचन सुरू करताच त्यांचे डोके मागे ओढले जाते, स्वरयंत्र खाली दाबले जाते आणि तोंडाने आवाज करत हवा आत घेतली जाते. इथपर्यंतचे निरीक्षण कुणाही चिकाटीच्या माणसाने केले असते. महत्त्वाचे ते नंतर घडले. डोके पुढे आणि वर नेत आहोत अशी खात्री असताना त्यांनी आणखी आरसे लावून पाहिले, तेव्हा डोके प्रत्यक्षात मागेच जात होते. स्वतःच्या जाणिवेवर भरवसा ठेवता येत नाही हे पटल्यावर त्यांनी दुरुस्ती करण्याचा नाद सोडला आणि बोलण्याचा विचार मनात येताच थांबायचे, जुनी सवय सुरू होऊ द्यायची नाही, मग बोलायचे की नाही हे ठरवायचे, असा क्रम घालून घेतला. 1904 मध्ये ते लंडनला गेले आणि 1955 मध्ये निधन होईपर्यंत शिकवत राहिले. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी 1973 च्या आपल्या नोबेल व्याख्यानाचा बराचसा भाग या पद्धतीला दिला होता. तिच्या बाजूने तो पुरावा ठरत नाही, पण निरीक्षणाच्या शिस्तीची कदर एका निरीक्षकाने केली एवढे त्यातून दिसते.

हे वर्गात कसे उतरते ते खुर्चीवरून उठण्याच्या साध्या कृतीत चांगले दिसते. शिकणाऱ्याला उठायला सांगितले, की त्याची कृती पायांपासून सुरू होत नाही. आधी हनुवटी थोडी वर जाते आणि डोके मागे कलते, त्यामुळे मानेची मागची बाजू आखडते. पाठोपाठ कंबर आत जाते, हात मांड्यांवर दाबले जातात, श्वास थांबतो, आणि या सगळ्या तयारीनंतर वजन पायांवर येते. शिक्षक त्याच्या मानेच्या मागे हात ठेवून, काही न दाबता, फक्त एवढे विचारतात की 'उठा' हा शब्द ऐकल्यावर माझ्या हाताखाली काय झाले. पहिल्या काही खेपांना त्याला काहीच कळत नाही. मग शिक्षक 'उठा' म्हणतात पण उठायला मनाई करतात, आणि नुसता शब्द ऐकूनही मान आवळते हे शिकणाऱ्याच्या ध्यानात येते. हा क्षण मला साऱ्या शिकवणीतला कळीचा वाटतो, कारण अशी तयारी आपण ठरवून करत नाही आणि ती रोखता येते, या दोन्ही गोष्टी त्याला इथे एकदमच कळतात. त्यानंतर मान मोकळी ठेवून खुब्याच्या सांध्यातून पुढे झुकायचे आणि वजन पावलांवर आले की गुडघे सरळ होऊ द्यायचे. उठणे तेच असते, पण शिकणारे बहुधा 'काही केल्यासारखेच वाटले नाही' असे म्हणतात, आणि काहींना आपण पुढे तोंडावर पडू असेही वाटते. तसे वाटणे हे चूक झाल्याचे लक्षण नव्हे. जुनी मोजपट्टी अजून तीच आहे एवढाच त्याचा अर्थ.

श्वासाबाबतही शिकवणीतली पहिली चूक आज्ञेतूनच होते. 'खोल श्वास घ्या' म्हटले की खांदे वर जातात, मानेच्या बाजूचे स्नायू ताणले जातात, नाकपुड्या आवळतात आणि छातीचा वरचा भाग फुगतो, म्हणजे ज्या स्नायूंना विश्रांती द्यायची तेच कामाला लागतात. शांत श्वासात मुख्य काम श्वासपटलाचे असते. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू आकुंचन पावला की एक-दोन सेंटीमीटर खाली सरकतो, खालच्या बरगड्या बाजूंना पसरतात आणि हवा आपोआप आत येते. उच्छ्वास तर फुप्फुसांच्या लवचीकपणामुळे विनाश्रम होतो. 'पोटाने श्वास घ्या' ही सूचनाही शब्दशः घेऊ नये. हवा पोटात जात नाही. श्वासपटल खाली आल्याने पोटातील अवयव पुढे सरकतात आणि पोट किंचित वर येते. हे न कळल्यामुळे कित्येक जण पोटाचे स्नायू मुद्दाम बाहेर ढकलण्याचा सराव इमानेइतबारे करत राहतात आणि त्यांच्या बरगड्या मात्र जागच्या हलत नाहीत.

संथ श्वासाचा फायदा साध्या गणिताने समजतो. प्रौढ माणसाच्या शांत श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा आत जाते, आणि त्यातली सुमारे 150 मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते, जिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. मिनिटाला 12 श्वास धरले तर एकूण 6 लिटर हवेपैकी 4.2 लिटर कामी येते. तेवढीच 6 लिटर हवा कुणी मिनिटाला 24 उथळ श्वासांत घेतली, तर प्रत्येक श्वासातल्या 250 मिलिलिटरपैकी 100 मिलिलिटरच उपयोगी पडते आणि बेरीज 2.4 लिटरवर येते. मेहनत दुप्पट वेळा आणि प्राप्ती जवळपास निम्मी, असा हा व्यवहार आहे.

पण यावरून जितका मोठा श्वास तितका चांगला, असा अर्थ काढला जातो तो मात्र घातक आहे. श्वास घेण्याची निकड आपल्याला सामान्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळे वाटत नाही. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला त्याची वर्दी मिळते आणि श्वास वाढतो. बसल्या जागी मोठे आणि भराभर श्वास घेतले तर हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि चक्कर, ओठांभोवती व बोटांत मुंग्या, छातीत धडधड अशी लक्षणे दिसू लागतात. शिकणाऱ्यांपैकी काहींना ही लक्षणे ऊर्जा जागी झाल्याची खूण वाटते. ती तशी नसते. श्वास जास्त झाला आहे आणि थांबायला हवे, एवढेच ती सांगतात.

म्हणून श्वास शिकवायचा तो उच्छ्वासापासून. शिकणाऱ्याला पाठीवर निजवतात, गुडघे वाकवून पावले जमिनीवर टेकवतात, आणि डोके मागे पडू नये एवढ्या जाडीची पुस्तके डोक्याखाली ठेवतात. हात खालच्या बरगड्यांवर असतात. आधी काही वेळ फक्त पाहायचे. पाहू लागताच श्वास बदलतो, अडखळतो, हे प्रत्येकाच्या बाबतीत होते आणि शिक्षकाने ते आधीच सांगून ठेवावे, नाहीतर शिकणारा आपल्याला श्वासही घेता येत नाही अशा समजुतीने घाबरा होतो. मग हलकेच 'हम्म' असा नाद काढत किंवा कुजबुजत्या स्वरात 'आ' म्हणत उच्छ्वास थोडा लांबवायचा, पण शेवटचा थेंब पिळून काढल्यासारखा नव्हे. तो संपला की ओठ मिटायचे आणि काहीही करायचे नाही. नेहमीच्या उच्छ्वासापेक्षा थोडी जास्त हवा बाहेर गेली, की छातीचा पिंजराच स्वतःच्या लवचीकपणाने बाहेर उघडू पाहतो आणि नाकावाटे हवा आत येते. श्वास 'घ्यावा' लागत नाही हे इथे हाताखालच्या बरगड्यांतून कळते. नाकाचाच आग्रह धरण्याचे कारण साधे आहे: तिथे हवा गाळली जाते, ओलसर आणि कोमट होते, शिवाय नाकाच्या अरुंद वाटेमुळे वेगही आपोआप कमी होतो.

हा वेग मिनिटाला सहाच्या आसपास आला, की श्वास, हृदयाची गती आणि रक्तदाबातील चढउतार एकमेकांच्या लयीत येतात. इटलीतील लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र या दोन्हींच्या पठणाने श्वास जवळजवळ याच वेगावर येतो आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील होते, असे आढळले. आकड्याचे दडपण मात्र घेऊ नये. ज्याचा श्वास मिनिटाला 16 आहे त्याने सक्तीने 6 वर आणला, तर कोंडल्यासारखे वाटून पुढे तो धापा टाकू लागतो. आठवड्या-आठवड्याने एक-दोन श्वास कमी होऊ देणे पुरे. काही लोकांना श्वासाकडे लक्ष देणेच अस्वस्थ करते, विशेषतः ज्यांना भीतीचे झटके येऊन गेले आहेत त्यांना. त्यांचे लक्ष पावलांच्या तळव्यांकडे किंवा पाठीखालच्या जमिनीकडे वळवावे. श्वासाचा हट्ट धरू नये.

हालचालीकडे वळण्याआधी 'आदर्श ठेवण' या कल्पनेचे काय करायचे ते पाहू. स्वीडनचे शल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांतील दाब मोजला, तेव्हा उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसण्यात तो जास्त आढळला, आणि बसण्याविषयीचे कित्येक नियम त्यावर रचले गेले. 1999 मध्ये जर्मनीतील हान्स-योआखिम विल्के यांच्या गटाने एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवून पुन्हा मोजले, तर सैल बसण्यातला दाब उभे राहण्यापेक्षा किंचित कमी आणि खुर्चीत मागे रेलून बसण्यातला आणखी कमी निघाला. एका माणसावरच्या मोजणीने जुने निष्कर्ष मोडीत निघत नाहीत. तरी अमुक अंशात पाठ ठेवली म्हणजे ती दुखणार नाही, या विधानाला भक्कम आधार नाही. चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण आसपासच्या ऊतींमधून झिरपणाऱ्या द्रवावर होते आणि दाब कमी-जास्त झाल्याने त्याला मदत होते. सुंदर बसून तीन तास न हलण्यापेक्षा कसेतरी बसून दर अर्ध्या तासाने उठणे मी केव्हाही पसंत करीन.

हालचाल शिकवण्याची आणखी एक पद्धत मोशे फेल्डनक्राइस (1904–1984) यांनी घडवली. ते अभियंते आणि ज्यूडोचे जाणकार होते, आणि गुडघ्याच्या जुन्या दुखापतीने त्यांना या विषयाकडे आणले. त्यांच्या वर्गात जमिनीवर पडून अगदी लहान आणि संथ हालचाली करतात, कधी डोके आणि डोळे विरुद्ध दिशांना वळवतात, कधी ओटीपोटाची हाडे घड्याळाच्या तबकडीवर फिरावीत तशी फिरवतात, आणि मधूनमधून स्वस्थ पडून डाव्या-उजव्या बाजूतला फरक न्याहाळतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा व्यायाम वाटत नाही, आणि तो नाहीच. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट वेबर यांनी दाखवले होते, की दोन वजनांतला फरक जाणवायला तो मूळ वजनाच्या प्रमाणात असावा लागतो. हातात आधीच जड ओझे असेल तर त्यात थोडी भर पडलेली कळत नाही. जोर लावून केलेल्या हालचालीत स्नायूंची लहानशी अनावश्यक ओढ अशीच बुडून जाते. जोर कमी केला की ती जाणवते, आणि जाणवली तरच सुटते.

इथे एक न्याय्य आक्षेप आहे. शरीराकडे सतत लक्ष दिले तर हालचाल अवघडून जात नाही का? जाते. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये स्कीइंगसारख्या डोलणाऱ्या यंत्रावर प्रयोग केला, तेव्हा आपल्या पावलांवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा पावलांखालच्या चाकांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगले शिकले, आणि पुढच्या अनेक अभ्यासांनी याला दुजोरा दिला. म्हणून जाणिवेचा सराव वेगळ्या, शांत वेळी करायचा आणि प्रत्यक्ष कामात लक्ष कामावर व भोवतालावर पसरलेले ठेवायचे, हा विवेक शिक्षकाकडे असावा लागतो. टंकलेखन करताना दर मिनिटाला मान तपासणारा माणूस सजग नव्हे, त्याने स्वतःवर पहारा बसवला आहे.

याचा उपयोग किती, याचे उत्तर दुखण्यानुसार बदलते. इंग्लंडमध्ये जुनाट किंवा पुन्हापुन्हा उद्‌भवणारी कंबरदुखी असलेल्या 579 जणांवर झालेली चाचणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभराने, मागील चार आठवड्यांत दुखलेल्या दिवसांचा मध्यक (म्हणजे सगळे आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात 21 होता आणि अलेक्झांडर पद्धतीचे 24 धडे घेतलेल्यांत 3. केवळ 6 धडे आणि जोडीला नियमित व्यायामाचा सल्ला, एवढ्यानेही त्या लाभाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग मिळाला. जुनाट मानदुखीबाबत 2015 च्या, 517 जणांवरील चाचणीतही नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगला परिणाम दिसला. या चाचण्यांमध्ये कोणता उपचार चालू आहे हे शिकणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. श्वासाच्या व्यायामांनी दमा असलेल्यांचे दैनंदिन जगणे काहीसे सुकर होऊ शकते, पण औषध कमी करण्याचा निर्णय त्यावरून घ्यायचा नसतो. शिवाय या साऱ्याने हृदयाची आणि स्नायूंची ताकद फारशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी सांगितलेला आठवड्याचा 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवसांचा ताकदीचा सराव वेगळा करावाच लागतो.

पायांत बधिरता किंवा वाढती अशक्तता, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटण्यासोबत पाठ दुखणे, छातीत दुखणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे, वर्ग नंतर. शिक्षक निवडताना त्याचे प्रशिक्षण किती झाले हे निःसंकोच विचारावे. अलेक्झांडर पद्धतीच्या शिक्षकांसाठी प्रचलित मानक तीन वर्षांत सुमारे 1600 तासांचे आहे, आणि शनिवार-रविवारच्या शिबिरातून मिळालेले प्रमाणपत्र त्याच्या आसपासही येत नाही. पहिल्या भेटीत शिक्षक तुम्हाला एखादी स्थिती धरून ठेवायला सांगतात, की उठताना, बोलताना, फोन उचलताना पाहून प्रश्न विचारतात, यावरूनही पुष्कळ कळते. घरी दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटे गुडघे वाकवून पाठीवर पडणे आणि रोजच्या एखाद्याच कृतीआधी, मग ती दार उघडण्याची असो की खुर्चीवर बसण्याची, क्षणभर थांबणे एवढा सराव सुरुवातीला पुरतो. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना थांबण्याची आठवण होते ती कृती उरकल्यावरच, मग ती करता करता, आणि बऱ्याच पुढे जाऊन ती करण्याआधी.